रमजानी मास्टर आणि माझा मुका भोंगा

जयपुरात बारा-पंधरा वर्षं मी लग्नाच्या बँडात होतो आणि तेवढ्या वर्षांत मी एकही सूर वाजवला नाही. हे मी लाजून सांगत नाही. वाजवायला कुणालाही येतं, मतलब शिकलं की येतं. न वाजवता वाजवल्यासारखं दिसायचं, त्याला अंगात काहीतरी असावं लागतं. ते माझ्या अंगात आहे असं माझं मत होतं. रमजानी मास्टरांचं मत निराळं होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही.

मी मूळचा कोरेगावकडचा. शाळा दुसरीत सुटली. मास्तर म्हणाले, "घाडगे, माफी माग." मी म्हणालो, नाही मागत. ती अजून मागायचीच आहे. पुढं पलटणीत शिंपी म्हणून लागलो आणि पलटणीबरोबर जयपूरला आलो. तिथं एका सुभेदारसाहेबांच्या पाटलोणीवरून माझं बिनसलं. पाटलोण त्यांना घट्ट होत होती. माझं म्हणणं, पाटलोण बरोबर आहे, साहेब वाढलेत. नोकरी गेली. आता गावी जाऊन भावाला काय तोंड दाखवायचं, म्हणून जयपुरातच, रामगंज मोहल्ल्यातल्या एका बोळात मशीन मांडलं.

त्याच बोळात वरच्या मजल्यावर रमजानी मास्टर राहायचे. बारीक अंगाचा माणूस, मिशी कातरलेली, पाठ अशी ताठ की शर्टाच्या मापाला पाठीकडून बोटभर कापड कमी लागायचं. संस्थानाच्या बँडात ते क्लॅरिनेट वाजवत. संस्थान गेलं, तो बँड मोडला, आणि ज्यांच्या हवेलीत सणावारी वाजवायचं त्या ठाकुरांच्या जहागिऱ्याही गेल्या. शहरात कितीतरी गुणी माणसं हातात वाद्य घेऊन मोकळी हिंडायला लागली. कोणी नगीने, म्हणजे अंगठीतले खडे, घासायला बसला, कोणी पतंग चिकटवायला. मास्टर नगीने घासायला गेले नाहीत. "घासून घासून बोटाचं टोक मरतं," म्हणायचे, "मग किलारनेटच्या भोकावर काय ठेवू, कोपर?" त्यांनी आपल्यासारखे आठ-दहा जण गोळा केले आणि लग्नाचा बँड काढला.

मग एक दिवस माझ्या मशीनवर लाल मखमलीचा एक डोंगर येऊन पडला. एका ठाकुराच्या हवेलीतले पडदे विकायला निघाले होते, ते मास्टरांनी उचलले होते.

"मराठे," ते म्हणाले. नाव त्यांनी कधी विचारलंच नाही, मराठी माणूस म्हणून मराठे. "याचे कोट शिव. कायदे से."

'कायदे से' हा त्यांचा शब्द. चहा कायदे से, सलाम कायदे से, उपास पडला तर तोही कायदे से; जेवायच्या वेळेला हात धुऊन बसायचं आणि मग उठायचं. महिनोन्‌महिने बुकिंग नसायचं तरी रोज सकाळी कोट-टोपी चढवून ते आमच्या बोळाच्या तोंडाशी बाकड्यावर बसत. कोणी गिऱ्हाईक आलंच तर त्याला मास्टर झोपेतून उठलेला दिसता कामा नये.

तर मी कोट शिवले. भोंगा, म्हणजे बँडातलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य, वाजवणारा एक जण माप द्यायला आलाच नाही. मी हट्टाला पेटून त्याचा कोट माझ्याच मापानं कापला. लग्नाच्या दिवशी कळलं की तो माणूस नगीन्यांच्या कामाला लागला आणि आता येणार नाही. वरपक्षाला माणसं मोजून हवी होती. मास्टरांनी राहिलेला कोट उचलला, एकेकाच्या अंगाला लावून बघितला आणि माझ्यापाशी थांबले.

"घाल."

घातला. असा बसला जसा काही माझ्यासाठीच शिवलाय. शिवला होताच.

त्या काळी सगळेच बँड अशी दोन-चार भरतीची माणसं रांगेत उभी करत. कोट घालायचा, वाद्य तोंडाला लावायचं आणि गप्प राहायचं. माझ्या भोंग्याची एक कळ बसली होती आणि पोटाला हा एवढा पोचा होता. पण मी तो असा काही धरायचो की बायका पोरांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "वो देखो, सबसे बड़ा बाजा!" मला वाटायचं, बरात माझ्यामुळंच चाललीय. गाल फुगवून फुगवून मी लालबुंद व्हायचो.

मास्टरांनी एकदा थांबवलं. "मराठे, हे गालात काय भरलंयस?"

"वाजवतोय असं दिसायला पाहिजे ना, मास्टरजी."

"जो फुंकतो त्याचे गाल फुगत नाहीत. पोट बोलतं. तू वाजवणारा दिसत नाहीस. तू लाडू चोरलेला दिसतोस."

मी ऐकलं नाही. मी कुणाचं ऐकत नाही. माझी एक पद्धत होती आणि ती मला बरोबर वाटत होती. ती किती बरोबर होती ते आदर्श नगरातल्या एका बरातीत कळलं.

बँडवाल्यांचा एक रिवाज आहे. बरात जाताना वाटेत कुणाच्या घरी गमी झालेली असेल, कुणी गेलेलं असेल, तर त्या घरासमोर वाजवायचं नाही. मास्टर हात वर करतो, सगळी वाद्यं खाली येतात, बरात मान घालून पाच-पंचवीस पावलं मुकाट चालते आणि घर मागं पडलं की पुन्हा सुरू. त्या दिवशी मास्टरांनी हात वर केला. सगळे थांबले. मी डोळे मिटून रंगात आलो होतो. गाल टम्म, बोटं कळांवर धावताहेत, मान डोलतेय आणि आवाज शून्य. भर शांततेत, मयताच्या दारासमोर, मी एकटा जीव तोडून न वाजवत होतो. डोळे उघडले तर अख्खी बरात माझ्याकडे बघत होती. नवरदेवानं सेहऱ्यातून वाकून बघितलेलं मला आजही दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर बाकड्यावरून उठले. "चल. त्या घरी बसायला जायचं. कायदे से."

"मी? मी माफी मागत नाही, मास्टरजी. मी शाळेत—"

"माफी कोण मागतंय? मातमपुर्सीला चाललोय. बसायचं आणि यायचं."

गेलो. सतरंजीवर बसलो. घरातला कर्ता मुलगा पंचा खांद्यावर टाकून समोर बसला होता. त्याचे वडील गेले होते. त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं. "आप वही हैं ना? बड़े बाजेवाले?" आणि एकदम पंचा तोंडाला लावला, त्याचे खांदे हलायला लागले. मी मास्टरांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बिचारा फार रडला."

"हो," मास्टर म्हणाले. "फार हसत हसत रडला."

त्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवायला शिकलो. माझ्या विद्येतली ती पहिली आणि बहुतेक शेवटची प्रगती.

बँडाचे दिवस मात्र उतरत चालले होते. आधी लाऊडस्पीकर आला. हातगाडीवर कर्णा, खाली रेकॉर्ड लावायची पेटी आणि एक माणूस. त्याला ना कोट लागायचा ना जेवण. मग चीनची लढाई झाली, लोकांनी लग्नं आवरती घेतली. आमचे काही ढोलवाले टांगा हाकायला लागले. दर हंगामाला कोटांची संख्या तीच आणि आत माणसं कमी. रिकाम्या कोटांची चुटपुट मला फार लागायची, माझ्या हातची शिलाई होती ना ती.

तेव्हा मी एक पराक्रम केला. आदर्श नगरात विमा कचेरीतले एक मराठी साहेब राहत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मी जाऊन सांगितलं, "साहेब, आमचा बँड मराठी गाणी वाजवतो." घरी येऊन मास्टरांना म्हणालो, "एक मराठी गाणं बसवू. मी शिकवतो." माझ्या आईचं जात्यावरचं गाणं मला येत होतं, मतलब मला येतंय असं वाटत होतं. मास्टर मांडी घालून समोर बसले, मी गायलो. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं आणि वाजवलं.

लग्नात ते वाजलं तेव्हा साहेबांच्या वयस्कर आत्या पुढं आल्या. "काय हो, हे कुठलं म्हणायचं? मराठी का?"

"मराठीच, आत्याबाई. साताऱ्याकडचं."

"मी कऱ्हाडची आहे," त्या म्हणाल्या आणि मागं जाऊन बसल्या.

मी मास्टरांवर चिडलो. "तुम्ही चुकीचं वाजवलंत."

"मी तुझं वाजवलं," मास्टर म्हणाले. "जिथं तू घसरलास तिथं मीही घसरलो. आईचं गाणं आहे, मी सुधारणारा कोण?"

हे सगळं चालत होतं ते एकाच गोष्टीवर, मास्टरांच्या क्लॅरिनेटवर. लोक लाऊडस्पीकर सोडून आमच्याकडे येत ते मास्टरांची मांड ऐकायला. मांड म्हणजे इकडची एक चाल, वाळूवरून वारा गेल्यासारखी लांब जाणारी. ती त्यांच्या तोंडून निघाली की नवरदेवाची घोडीसुद्धा सावकाश चालायची. ती बंद झाली की बँड बंद, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि क्लॅरिनेट वाजतं ते पुढच्या दातांवर. वरचे दात वाद्यावर टेकतात, खालचा ओठ पत्तीला, म्हणजे फुंकायच्या वेताच्या पातळ चिपेला, धरतो. म्हणून मास्टर दातांना जिवापाड जपायचे. पान नाही, सुपारी नाही, आंबट नाही. सकाळी बाभळीची काडी घेऊन घटकाभर घासत बसायचे. मी आपला तंबाखू मळत त्यांच्याशेजारी बसायचो. माझे बत्तीसच्या बत्तीस आजही जागेवर आहेत. मास्टरांचे पन्नाशीतच हलायला लागले आणि एका हिवाळ्यात वरचे पुढचे दोन्ही गेले.

हे मला कसं कळलं? त्यांनी सांगितलं नाही. कोटामुळं कळलं. वाजवताना त्यांच्या पोटावरचं तिसरं बटण ताणायचं, ते मी कितीदा नव्यानं लावून दिलं होतं. एका बरातीत मी बघतो तर बटण ढिम्म. सूर तर येतोय! मग दिसलं, मागं उभा असलेला दुसरा क्लॅरिनेटवाला, बाबूलाल, घामानं थबथबलाय. पंचविशीचा पोरगा, लाजाळू, मास्टरांचाच शिष्य.

दुसऱ्या दिवशी मी जिना चढून वर गेलो. "मास्टरजी, तुम्ही वाजवत नाही."

त्यांनी दार लावून घेतलं. जौहरी बाजारातल्या दातवाल्याकडून कवळी करून आणली होती. ती तोंडात बसवून त्यांनी मला वाजवून दाखवलं. दोन सूर निघाले, तिसऱ्याला कवळी निसटून क्लॅरिनेटलाच चिकटली. वाद्य हसतंय असं दिसलं. मी हसलो. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबलो.

"चौमूं गावच्या सेठजींकडे लग्नकार्य आहे," ते म्हणाले. "त्यांच्या स्वतःच्या लग्नात मी मांड वाजवली होती. आता मुलाचं आहे, निरोप आलाय की मास्टर स्वतः पुढं उभे राहून वाजवणार असतील तरच बँड, नाहीतर लाऊडस्पीकर. बाबूलाल माझ्यापेक्षा कमी नाही. पण पोरासाठी बँड कोण बोलावणार? हे एक निभावलं तर हंगाम निभावतो. हे गेलं तर सगळे नगीने घासायला जातील, बाबूलालसुद्धा. त्याची बोटं, मराठे!"

मग कवळी पुसत म्हणाले, "तू मला शिकव."

मी मागं वळून बघितलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"तुला येतं ते. न वाजवायचं. तू आमच्यातला उस्ताद आहेस."

एवढा मान माझा आयुष्यात कुणी केला नाही. मी खुर्ची मागून घेतली. "पहिली गोष्ट, मास्टरजी, डोळे. तुम्ही डोळे मिटता. वाजवणाऱ्यानं मिटावेत, त्याला ऐकू येत असतं. न वाजवणाऱ्यानं मिटले की मेला. माझा अनुभव आहे."

"ठीक."

"दुसरं, गाल थोडे फुगवा."

"ते नाही करणार."

"लोकांना—"

"मराठे, मी दात घालवलेत. अक्कल नाही."

चौमूंला आम्ही बसनं गेलो, कोट मांडीवर घेऊन. दिवस कलायच्या आत बरात निघाली. मास्टर पुढं, तुरा लावलेली टोपी, अंगठ्यावर क्लॅरिनेट तोललेलं. बाबूलाल त्यांच्या पाठीला चिकटून. मी मागच्या रांगेत. बाजाराच्या चौकात सेठजी पागोटं सावरत पुढं आले. "मास्टरजी, मांड!"

सुरू झाली. खरं सांगतो, मलाही वाटलं की मास्टरच वाजवताहेत. बोटं तीच, मान तीच, नजर लांब कुठंतरी. सेठजींनी हात छातीवर ठेवला. आणि मी बघितलं, मास्टरांचे डोळे हळूहळू मिटले.

तेवढ्यात बाबूलालच्या वाद्याची पत्ती चिरली. फट्‌ झालं आणि सूर गेला. ढोलवाले गोंधळून थांबले. सगळा चौक चिडीचूप. आणि मास्टर, डोळे मिटून, एवढ्या शांततेत, वाजवतच होते. बोटं चाललीत, मान झुकतेय. आदर्श नगरात मी दिसलो होतो तसे, फक्त गाल सपाट.

मग त्यांनी डोळे उघडले. एकदा चौकाकडे बघितलं आणि ताडकन हात वर केला.

गमीची खूण! चौक असा सुन्न झाला की काय सांगू. वऱ्हाडी माना खाली घालून उभे राहिले. सेठजींनी हात जोडले. सगळ्यांना वाटलं, समोरच्या घरी कोणीतरी गेलंय. समोरचं दार उघडलं आणि काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली. तिनं बरातीकडे बघितलं. बरातीनं तिच्याकडे दुःखानं बघितलं.

"कुण मर्यो रे?" ती ओरडली. "म्हारे घर में कुण मर्यो?" तिच्या घरी सगळे धडधाकट होते आणि भर लग्नात तिच्या दाराला कोणी सुतक चिकटवतंय म्हणून ती खवळली होती. काठी उगारून ती थेट मास्टरांवर चालून आली.

मी मागून बघत होतो. अजून वेळ गेली नव्हती. चुकून दुसरं घर समजलो, म्हणता आलं असतं. मी असतो तर तेच म्हणालो असतो आणि वर म्हातारीशी भांडलोही असतो. मास्टरांनी टोपी काढली.

"माजी, तुमच्या घरी खैर आहे. गेले ते हे." आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलं.

म्हातारी वाकून बघायला लागली. एकदा बघितलं, पुन्हा बघितलं. मग तिनं आपलंही तोंड उघडलं. तिथं तर एकही नव्हता. ती अशी हसायला लागली की काठी हातातून पडली, आणि मग सगळा चौक हसायला लागला. सेठजी सोडून.

"मग मांड कोण वाजवत होतं?" सेठजींनी विचारलं.

मास्टरांनी बाबूलालला दंडाला धरून पुढं ओढलं. "हा. मी उभा होतो, हुजूर, वाजवत हा होता. तुम्ही छातीवर हात ठेवलात तो याच्यासाठी." आपली तुऱ्याची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली, आपलं क्लॅरिनेट त्याच्या हातात दिलं, त्याचं चिरलेल्या पत्तीचं आपण घेतलं. "बजा, बेटा. कायदे से."

बाबूलालनं सेठजींकडे बघितलं. सेठजी पागोटं सावरत राहिले. मग म्हातारीच म्हणाली, "अरे बजाणे दे ना!" आणि सेठजींनी मान हलवली.

बाबूलाल वाजवायला लागला तेव्हा मास्टर उघड्या डोक्यानं रांगांमधून मागं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"सरक, मराठे. जागा दे."

मी सरकलो. त्यांनी मुकं क्लॅरिनेट तोंडाला लावलं. चार पावलं गेल्यावर तिरक्या नजरेनं माझ्याकडे बघितलं. "गाल."

त्यानंतर बँड बाबूलालच्या नावावर चालला. माणसं कमी झाली, पण सगळी नगीन्यांकडे गेली नाहीत. मास्टर मागच्या रांगेत माझ्याबरोबर उभे राहत. मला वाटायचं, आता आपण बरोबरीचे. त्यांना तसं कधी वाटलं नसावं. बाबूलालचा एखादा सूर उतरला की त्यांची बोटं त्या मुक्या वाद्यावर थांबायची, तो सुधारला की पुन्हा चालायची. मी मात्र त्या वेळी कुठली कळ दाबत होतो, देव जाणे. त्यांनी मला कितीदा सांगितलं, "मराठे, निदान तालात दाब." मी म्हणायचो, ऐकू येत नाही तर ताल कशाला?

पुढं त्यांना दम लागायला लागला. जिना उतरणं बंद झालं. माझ्या मशीनचा आवाज आला नाही की वरून खिडकीतून विचारत, "मराठे, आज उपास कायदे से आहे का?"

एका संध्याकाळी बरात नेमकी आमच्या बोळावरून गेली. मास्टरांचं घर जवळ आलं तसा बाबूलाल आतून हलला. आजारी माणूस, वर झोपलेला, त्यात घोडी आणि ढोल. त्यानं हात वर केला. सगळी वाद्यं खाली आली. आम्ही मान घालून हळू हळू पुढं निघालो.

वरची खिडकी धाडकन उघडली. मास्टर! कोट चढवलेला, बटणं वेडीवाकडी, हातात काठी.

"अरे कमबख्तों! अभी ज़िंदा हूँ!" ते ओरडले. "हाथ नीचे कर, बाबूलाल! बजाओ!"

सगळे गडबडले. बाबूलालला हसू आणि रडू एकदम फुटलं, त्याला फुंकताच येईना. काठी खिडकीतून हलतेय, "बजाओ! बजाओ!" आणि कोणी वाजवेना. मग माझ्यातला मराठा जागा झाला. मी पोटात हवा भरली, बसलेल्या कळेवर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यात सगळ्या जोरानं फुंकलं.

जो आवाज निघाला त्यानं घोडी बाजूला उसळली. समोरच्या पिंपळावरचे पारवे उडाले.

मास्टर खिडकीत अर्धे बाहेर वाकले. तोंडात दात नव्हते, पण सबंध बोळाला ऐकू गेलं.

"मराठे! तू नहीं!"